पैसे पाठवताना वीज गेली तर?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल रुळांवरच उभ्या राहिल्या. तेव्हापासून एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो: मी मोबाइलवरून पैसे पाठवत असताना नेमक्या त्याच क्षणी बँकेची वीज गेली, तर पैसे मध्येच कुठेतरी अडकून राहतील का? ही भीती एका चुकीच्या समजुतीतून येते. बँकेच्या नोंदी जिथे साठवलेल्या असतात तो डेटाबेस म्हणजे एक मोठी एक्सेल शीट, आणि कुणीतरी तिच्यातला एक आकडा खोडून दुसरा लिहितं, असं आपण धरून चालतो. असं असतं तर भीती अगदी खरी ठरली असती.

बँकेकडे जनरेटर असतात, बॅटऱ्या असतात. पण डेटाबेसची व्यवस्था सांभाळणारं सॉफ्टवेअर त्यांच्यावर विसंबून लिहिलेलं नसतं. कुठल्याही क्षणी आपण बंद पडू शकतो, हे गृहीत धरूनच ते बांधलेलं असतं.

माहिती तक्त्यांत ठेवायची, तक्त्यांत ओळी आणि रकाने. काय हवं ते वापरणाऱ्याने सांगायचं, ते कसं शोधायचं हे यंत्राने ठरवायचं. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली ही कल्पना मांडली आणि पुढे तिच्यावरच एसक्यूएल ही भाषा उभी राहिली. आत बरेच भाग असतात. प्रश्नाचं उत्तर काढायचा स्वस्त मार्ग शोधणारा ऑप्टिमायझर, ओळ पटकन सापडावी म्हणून इंडेक्स, दोघांनी एकाच वेळी एकच ओळ बदलू नये म्हणून कुलुपं. हे सगळे महत्त्वाचेच, पण बँकेवरचा आपला विश्वास ज्याच्यावर उभा आहे तो भाग म्हणजे लॉग.

मशीद बंदरच्या जुन्या पेढ्यांवर व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहिला जायचा, झाला त्या क्रमाने, एकाखाली एक. मग सवडीने त्याची खतावणी व्हायची, म्हणजे ज्याच्या-त्याच्या खात्याच्या पानावर तो जायचा. खतावणी अर्धवट राहिली तरी बिघडत नसे, कारण रोजकीर्दीवरून ती पुन्हा करता येई. डेटाबेसमध्ये तक्ते ही खतावणी आणि लॉग ही रोजकीर्द.

आता दादरच्या खात्यातून त्याच बँकेच्या भांडुपच्या खात्यात ५०० रुपये जाताहेत असं समजा. तक्ते डिस्कवर पानापानांत साठवलेले असतात. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एक पान साधारणपणे ८ किलोबाइटचं असतं. दोन्ही खात्यांची पानं मेमरीत आणली जातात आणि बदल तिथेच होतो. वीज गेली की मेमरी पुसली जाते. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये होते: कुठला व्यवहार, कुठलं पान, आधी काय होतं, आता काय आहे. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक मिळतो.

यासाठी दोन नियम कडकपणे पाळले जातात. पहिला, बदललेलं पान डिस्कवर जाण्याआधी त्या बदलाची नोंद डिस्कवर पोहोचलेली असली पाहिजे. दुसरा, ‘व्यवहार पूर्ण’ ही नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय ग्राहकाला ‘यशस्वी’ म्हणायचं नाही. खुद्द पानं नंतर गेली तरी चालतात. लॉग शेवटाला जोडत जायचा असल्याने तो लिहायला वेळ कमी लागतो. पानं डिस्कभर विखुरलेली असतात.

वीज परत आली की सुरू होतं ते मला या साऱ्या शास्त्रातलं सर्वांत देखणं काम वाटतं. १९९२ साली सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी ‘एरीज’ ही पद्धत सविस्तर मांडली. मोहन मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. या पद्धतीत यंत्र आधी लॉग वाचून कुठले व्यवहार अपुरे राहिले ते ठरवतं. मग लॉगमधले बदल क्रमाने पुन्हा करतं, अपुऱ्या व्यवहारांचेसुद्धा! वीज गेली त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी उभी राहिली, की अपुरे व्यवहार उलट्या क्रमाने मागे घेतले जातात. एकच बदल दोनदा होऊ नये म्हणून प्रत्येक पानावर, त्याला लागू झालेल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहिलेला असतो. पानावरचा क्रमांक नोंदीच्या क्रमांकाइतका किंवा मोठा असेल, तर ती नोंद सोडून द्यायची. आणि ही दुरुस्ती चालू असतानाच पुन्हा वीज गेली तर? मागे घेण्याचीही नोंद लॉगमध्ये होतच असते, त्यामुळे मागे घेतलेलं पुन्हा मागे घेतलं जात नाही. यंत्र दहा वेळा बंद पडलं तरी शेवटी उत्तर तेच येतं.

सर्व्हरच्या खोलीला लिंबू-मिरची बांधून डिस्क वाचत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असं पाणी खोलीत शिरलं तर लॉगही बुडतो. त्यावर उपाय एकच, लॉगची प्रत दुसऱ्या शहरात सतत पोहोचवणं. ‘आमच्या एआय डेटाबेसमधून डेटा कधीच जात नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला मी दोनच प्रश्न विचारेन. ती प्रत कुठे आहे, आणि ‘यशस्वी’ म्हणण्याआधी लॉग खरोखर डिस्कवर गेलेला असतो का? वेगासाठी हा दुसरा नियम सैल करण्याची सोय पोस्टग्रेसमध्येसुद्धा आहे, म्हणून हे विचारलंच पाहिजे.

मग यूपीआयवर पैसे कापले जातात आणि पोहोचत नाहीत, ते कसं? तिथे बँका दोन, डेटाबेस दोन, लॉगही दोन, आणि मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा. पाठवणाऱ्या बँकेच्या लॉगमध्ये कापल्याची नोंद पक्की असते, दुसऱ्या बँकेच्या लॉगमध्ये जमेची नोंदच नसते. दोन्हींना एकत्र मागे नेणारा सामाईक लॉग नाही. म्हणून दोन्हींकडच्या नोंदी ताडून पाहतात आणि पैसे परत करण्याचा नवा व्यवहार करतात. त्यामुळे तुमच्या स्टेटमेंटमध्ये कापल्याची ओळ तशीच राहते आणि खाली जमेची वेगळी ओळ दिसते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यक्तीला पाठवलेले पैसे असे अडकले तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि ती बँकेने तक्रारीची वाट न पाहता द्यायची असते.