पाण्यावर टरफलं दिसली म्हणजे झिंगा मेला असं नाही

(बोडी-तलावात झिंगा सोडणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बीज सोडल्यावर काही दिवसांनी फोन येतातच : "भाऊ, बोडीच्या पाळीला टरफलं लागली, माल मेला वाटते." आधी एक टरफल हातात घेऊन पाहा. डोक्याचा भाग आणि शेपटी जिथं जुळते तिथं पाठीवर फट आहे, आत मांस नाही, पण पाय, मिशा, डोळ्यांवरचा पापुद्रासुद्धा जागच्या जागी आहे? मग झिंग्यानं कात टाकली. माल वाढतोय. आत मांस असेल, वास मारत असेल, तर लगेच कळवा.

झिंग्याला आणि धुऱ्यात बीळ करणाऱ्या खेकड्याला आत हाडं नसतात. कवचच सगळं सांभाळतं. स्नायूही त्यालाच आतून चिकटलेले. ते कायटिन नावाच्या चिवट पदार्थाच्या बारीक थरांचं असतं आणि प्रत्येक थर प्लायवूडसारखा खालच्यापेक्षा थोडा फिरवून बसलेला, म्हणून तडा सरळ आरपार जात नाही. त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलं की कडकपणा येतो. सांध्यांवर ते फारसं नसतं, म्हणून पाय वाकतो. गोगलगाय आणि शिंपला शंख-शिंपेच्या काठाला भर घालत वाढतात. झिंग्याचं कवच मात्र वाढत नाही, ते सोडावंच लागतं.

जुन्याखाली नवं मऊ कवच तयार होतं. झिंगा बाहेर पडतो, पाणी शोषून फुगतो, आणि मग कवच घट्ट होतं. पिल्लाला काही तास लागतात, मोठ्याला जास्त. तेवढ्या वेळात तो हातात लोण्यासारखा नसला तरी दाबला तर दबतो, आणि शेजारचे झिंगे त्यालाच खातात. बगळ्याला सगळेच शिव्या देतात, पण आमच्या मते खरा चोर घरातलाच. म्हणून तळाशी बांबूच्या फांद्या, फुटकी कौलं, जुन्या जाळ्यांचे गुंडाळे टाका. बाभूळ नको, मालकाढणीला जाळं फाटतं.

टरफलं गोळा करून फेकू नका. झिंगे ती खातात, त्यातला चुना परत अंगी लागतो. पावसाचं पाणी भरून पाणी फार मऊ झालं, म्हणजे त्यातला चुना कमी झाला असेल तर चुनखडीची पूड टाका. कळीचा किंवा विरवलेला चुना झिंगे असलेल्या पाण्यात टाकायचा नाही, सामू (पाण्याचा pH) एकदम चढतो. कात टाकताना प्राणवायू जास्त लागतो, आणि तो पहाटे सर्वांत कमी असतो. त्या वेळी झिंगे काठाला येत असतील तर पंप लावून पाणी फिरवा.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. धानावरच्या तुडतुड्यांसाठी मिळणारं बुप्रोफेझिन, कपाशीवरचं नोव्हाल्युरॉन, ही औषधं किड्यांचं कायटिनच बनू देत नाहीत. झिंग्याचं कवचही त्याच कायटिनचं. वरच्या बांधीत फवारणी झाली असेल तर तिचं पाणी बोडीत उतरू देऊ नका, आणि फवारणीचा पंप पाळीवर धुऊ नका.


बीज न्यायला येताना डबे आणू नका, प्राणवायू भरलेल्या पिशव्या आम्ही देतो.