स्पर्धा सुरू झाल्या की वजनं बंद? हा गैरसमज सोडा

पुण्यात शालेय हँडबॉल स्पर्धा जवळ आल्या की मैदानाच्या कडेला पालकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता वजनं बंद कर, हात जड होईल." जोडीला दुसरी भीती असतेच, वजन उचललं की उंची खुंटते.

उंचीचं आधी. जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने वाढ थांबते, याला पुरावा नाही.

हात जड होण्यामागे मात्र खरा अनुभव आहे. शनिवारी दमेपर्यंत स्क्वॉट मारले आणि रविवारी सामना खेळला, तर पाय बोलणारच. पण चूक वेळेची आहे, व्यायामाची नाही. सगळंच बंद केलं तर साधारण ३-४ आठवड्यांनी कमावलेली ताकद ओसरू लागते. उडीतला आणि फेकीतला झटका त्याहून लवकर जातो. म्हणजे ऐन बाद फेरीत पोरं कमी पडतात, आणि याचंच मला वाईट वाटतं.

हंगामात सेट कमी करा, पेललं जाणारं वजन तेवढंच ठेवा. आठवड्यातून १-२ वेळा, सामन्याच्या ४८ तास आधीपर्यंत. खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी रबर बँड विसरू नका. चेंडू सुटल्यावर हात आवरतात ते हेच स्नायू.

नॉर्वेत १५ ते १७ वयाच्या १८३७ हँडबॉलपटूंवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामभर सरावाआधी ताकद, तोल आणि उडीनंतर पाय टेकवण्याचं तंत्र घोटवणाऱ्यांच्या गुडघ्या-घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या.

आजवर वजन न उचललेल्या मुलांनी मात्र जोर-बैठकांपासूनच सुरुवात करावी.