‘कोडिंग जमत नाही म्हणून माहिती अभ्यास’ हा समज चुकीचा आहे

‘डिजिटल समाज आणि माहिती अभ्यास’ हा विषय कोणी निवडला की प्रश्न ठरलेला असतो: कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला नाही का? वर्षानुवर्षं फिरणारा हा समज साफ चुकीचा आहे.

एक साधा ऑनलाइन फॉर्म घ्या. ‘आडनाव’ या रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरणं सक्तीचं. ज्याला आडनावच नाही, त्याने काय करायचं? टिंब टाकलं तर ‘अवैध’. नावच दोनदा लिहिलं, तर ओळखपत्राशी जुळत नाही. प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणे बिनचूक चालतोय, तरी माणूस दाराबाहेरच. हे रकाने कोणी, कोणाला गृहीत धरून ठरवले, याचा शोध घेणं हे या विषयाचं काम.

२०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुका फार तर ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! नुसती सरासरी पाहिली असती, तर ही दरी झाकलेलीच राहिली असती. अशा तपासणीला संख्याशास्त्र लागतं, आणि समाजाची जाणही. मला तर हे दुसरं जास्त अवघड वाटतं.

या शाखेची मुळं ग्रंथालयशास्त्रात आहेत, हे खरं. पण आज अनेक ठिकाणी प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, गोपनीयतेचे कायदे आणि मुलाखतींची पद्धत एकत्र शिकवतात. प्रमाण मात्र प्रत्येक विद्यापीठात वेगळं, त्यामुळे नावावर जाऊ नका. सगळ्या वर्षांचा अभ्यासक्रम उघडून वाचा.