काळी बुरशी काळी का दिसते?

मे २०२१मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर कांद्याची बदनामी चालू होती. सालीवरची काळी भुकटी आणि फ्रिजच्या रबरावरचे डाग म्हणजेच ‘काळी बुरशी’, असं तो मेसेज सांगत होता. कांद्यावरची भुकटी बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर या भलत्याच बुरशीची असते. कोविडच्या काळात ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेला रोग म्हणजे म्युकरमायकोसिस, आणि तो बहुतेक वेळा होतो रायझोपस या बुरशीमुळे. शिळ्या पावावर वाढणाऱ्या बुरशीच्याच कुळातली ही. रुग्णाच्या शरीरात तिचे तंतू रंगहीन असतात. काळं दिसतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं मांस.

तिचे बीजाणू आपल्या सगळ्यांच्याच श्वासातून आत जातात. भक्षक पेशी ते गिळतात आणि रुजू देत नाहीत. त्यातूनही एखादा रुजलाच, तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्या तंतूंवर तुटून पडतात. मग मधुमेह बेफाम वाढला की नेमकं काय बिघडतं? माझ्या मते या रोगातली सर्वांत विलक्षण गोष्ट इथेच आहे, आणि ती साखरेपेक्षा लोहाची आहे.

रक्तात लोह मोकळं फिरत नाही. ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते धरून ठेवतं. बुरशीला वाढायला लोह लागतंच, त्यामुळे ही पकडसुद्धा एक प्रकारची रोगप्रतिकारशक्तीच. पण इन्सुलिन फारच कमी पडलं की चरबी जाळताना बनणारी कीटोन द्रव्यं साचतात, रक्ताची आम्लता वाढते आणि ट्रान्सफेरिनची पकड ढिली होते. बुरशीला आयतं लोह मिळतं. शिवाय साखर, लोह आणि कीटोन वाढले की रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींवर जीआरपी७८ हे प्रथिन जास्त दिसू लागतं. बुरशीच्या अंगावरचं कॉटएच३ हे प्रथिन नेमकं त्यालाच चिकटतं आणि अस्तराची पेशी तिला चक्क आत ओढून घेते. वाहिनीला इजा होते, गुठळी होते, पुढचं रक्त बंद. नाकाच्या पोकळ्या, मग डोळा, मग मेंदू. मेलेल्या भागात रक्त पोचत नाही, म्हणून अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषधही पोचत नाही. सर्जनला तो भाग काढूनच टाकावा लागतो.

लोहाचं हे महत्त्व डायलिसिसच्या रुग्णांमध्ये आधीच दिसलं होतं. साठलेलं लोह काढायला त्यांना डेफेरॉक्झामिन देत, आणि त्यांच्यात हाच रोग जास्त आढळू लागला. औषध लोह पकडायचं, रायझोपस ते औषधाकडून काढून घ्यायची.

कोविडमध्ये स्टिरॉइडनं साखर चढवली आणि पांढऱ्या पेशींनाही नरम केलं. ऑक्सिजनवरच्या कित्येकांना डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनंच वाचवलं, हेही खरं. पण सौम्य आजारातही त्या गोळ्या सर्रास दिल्या गेल्या, आणि साखर तपासायची अनेकदा राहून गेली.