कोकणात छोटी गाडी का टिकली, त्याची थोडी पार्श्वभूमी

कोकण आणि बाईक म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यासमोर बुलेटचा घोळका येतो. आंबा घाट उतरायचा, गणपतीपुळ्याला फोटो काढायचे नि रविवारी संध्याकाळी परत. पण जरा वाडीत शिरून बघा, पडवीत स्प्लेंडर नाहीतर टीव्हीएसची एक्सएल मोपेड उभी दिसेल, आणि कुठेतरी ताडपत्रीखाली झाकलेली यामाहाची आरएक्स 100, जी मालक कितीही पैसे दिले तरी विकत नाही. हे सगळं पैशापायी आहे असं म्हणणारे खूप आहेत, मला ते अर्धंच पटतं. पैसा आहेच हो, पण खरं कारण इथल्या वाटांत आहे आणि थोडंफार दिल्लीतल्या एका जुन्या धोरणात.

वाटा कशा, तर गाव एका जागी नसतंच, वाड्या विखुरलेल्या, मधे पऱ्या म्हणजे ओढा, पऱ्यावर साकव म्हणजे छोटा पूल, आणि साकव इतका अरुंद की चारचाकीचा विषयच नाही. पुढे दोन्ही बाजूला गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, त्यामुळे चुकलात तर वळवायला जागा नाही, गाडीचं मागचं चाक उचलून फिरवायची. स्प्लेंडर साधारण 112 किलोची, एकटा माणूस हे करतो. आजची बुलेट 195 किलोच्या आसपास, तिथे हाक मारून दुसरा माणूस बोलवावा लागतो. वरून पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ, त्यावर जड गाडी एकदा कलली की सावरत नाही. आणि खाड्या विसरू नका. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 ला सुरू झाली, त्याआधी गाडी पलीकडे न्यायची तर होडीला फळी लावायची, एकाने पुढून ओढायची, दुसऱ्याने मागून रेटायची. तिथे सीसी, म्हणजे इंजिन केवढं, ते कोण विचारतो, वजन विचारतात!

आता गाड्यांचं. साठच्या दशकात राजदूत, जावा, बुलेट होत्या, पण गावात एखाद-दुसरी, डॉक्टरकडे नाहीतर सावकाराकडे. चित्र बदललं 1972 ला आलेल्या कायनेटिकच्या लुनाने. 50 सीसी, गिअर नाही, बंद पडली तर पेडल मारा. ज्यांनी आयुष्यात सायकलच चालवली होती ते मास्तर, पोस्टमन, एलआयसीवाले तिच्यावर बसले. चढाला लुना दम टाकायची हे खरं, तिथे उतरून शेजारून चालायचं, त्याची कोणाला लाज वाटायची नाही.

पण मला विचाराल तर किनाऱ्यावरची खरी गाडी म्हणजे बजाज एम80. 1986 सालची, 74 सीसी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. बंदरावर पहाटे लिलाव संपला की मागे बर्फ घातलेला क्रेट, त्यावर ओलं गोणपाट, रबरी ट्यूबने आवळून बांधलेलं, पाणी सतत मागच्या चाकावर गळतंय, आणि भोंगा वाजवत हा गडी वरच्या गावांत निघाला. खाऱ्या पाण्याने सायलेन्सर सडायचा, चेनकव्हर गळून पडायचं, इंजिन मात्र चालू. ऑइल जास्त पडलं की प्लग काळा होणार, मग रस्त्याकडेलाच प्लग काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, दोन किक की परत चालू. मेकॅनिक तालुक्याला असताना ही सोय किती मोठी ते शहरात बसून कळायचं नाही.

दिल्लीचा भाग असा की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने परदेशी कंपन्यांशी भागीदारीला परवानगी दिली ती 100 सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी. म्हणून सगळे जपानी इथे 100 सीसीच घेऊन आले, इंड-सुझुकी 1984 ला, हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100 त्याच्या पुढच्या वर्षी, मग कावासाकी बजाज. सीडी 100 फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली आणि मायलेज असं की लोकांना आधी खोटंच वाटलं. आरएक्स 100 म्हणजे 11 हॉर्सपॉवर, वजन 103 किलो, कुंभार्ली घाटात तिचा आवाज लांबून ओळखू यायचा. गंमत म्हणजे आरएक्स 100 इथे बनवणाऱ्या एस्कॉर्ट्सनेच त्याआधी राजदूत 350 आणली होती, ट्विन सिलिंडर, भन्नाट पळणारी, पण पेट्रोल प्यायची म्हणून ती आपटली. लोक आज तिच्या आठवणी काढतात, तेव्हा घेतली कोणी नाही 😀

आरएक्स 100 1996 ला बंद झाली, प्रदूषणाच्या नियमांनी पुढे टू-स्ट्रोक बाईकच संपवल्या, आणि 1994 ला आलेल्या स्प्लेंडरने सगळी जागा खाऊन टाकली. 2001 ला पल्सर आली तेव्हापासून पोरांना 150 च्या खाली काही नको झालं, तरी शिकतात अजून सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ पठारावर, बाबांच्या नाहीतर काकाच्या 100 सीसीवरच. क्लच चुकला तर गाडी फक्त बंद पडते, अंगावर येत नाही, आडवी झाली तर स्वतः उचलायची.

आणि मुरलेले लोक परत छोट्याकडे का येतात? गुडघे हे एक कारण, कोणी कबूल करत नाही 😉 दुसरं म्हणजे घाटात 350-400 सीसीचं निम्मं इंजिन झोपलेलं असतं, 100-125 मध्ये तिसरा गिअर टाकून पूर्ण पिळता येतं आणि तरी काटा साठच्या खालीच. अंजर्ल्यापासून पुढे किनाऱ्याने जायचं तर त्याहून जास्त वेग लागतोच कुठे, दर वळणाला गुरं नाहीतर एसटी.

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्याहून मोठ्या गाड्यांवरचा 40. म्हणजे सरकारच्या लेखी आता 350 पण छोटीच, आणि शोरूमवाले तेच सांगून विकतात. मासेवाल्यांना त्याचं काही नाही, एम80 गेल्यावर ते एक्सएल 100 वर गेले, कारण पुढे पाय ठेवायच्या जागेत अजून एक क्रेट बसतो.