सुतारकाम : घराचे आणि होडीचे

लाकूड मापून, कापून, तासून आणि जोडून घरे, अवजारे, घरगुती वस्तू व नौका तयार करण्याचा व्यवसाय म्हणजे सुतारकाम. ‘सुतार’ हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’वरून आला. सूत्र म्हणजे आखणीची दोरी आणि ती धरणारा तो सूत्रधार. नाटकातल्या सूत्रधाराचे नाव याच शब्दाचे, पण सुतार त्याला क्वचितच आठवतो. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात. कोकणात ‘मेस्त्री’ आणि गोव्यात ‘मेस्त’ म्हणून हाक मारतात. हे शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, म्हणजे उस्ताद, यावरून रुळले.

दोरीचे काम अजूनही तसेच चालते. दोरी गेरूच्या पाण्यात भिजवतात, ओंडक्याच्या दोन टोकांना ताणून धरतात, मध्ये चिमटीत उचलून सोडतात. लाकडावर फटकन सरळ तांबडी रेघ उमटते आणि करवत त्या रेघेवरून चालते. जुने माप गजाचे, आणि गजाचे चोवीस तसू. ‘तसूभरही हलला नाही’ म्हणताना आपण सुताराचेच माप वापरतो, हे बहुतेकांच्या गावी नसते. हल्ली पट्टी इंचाची असली तरी इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’च म्हणतात. पाव इंच म्हणजे दोन सूत.

हत्यारांत करवत, तासायला वाकस, गुळगुळीत करायला रंधा, खाच पाडायला पटाशी, भोक पाडायला सामता किंवा गिरमिट, काटकोन पाहायला गुण्या आणि उभी रेषा तपासायला ओळंबा ही मुख्य. खंडेनवमीला ती धुऊन, हळदकुंकू लावून पुजतात आणि त्या दिवशी कामाला लावत नाहीत.

गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, पाभर यांची वर्षभराची दुरुस्ती त्याच्याकडे असे आणि मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. हे बलुते दुरुस्तीपुरते असे. नवी बैलगाडी करायची तर तिचा व्यवहार वेगळा. अवजारांना बाभूळ पसंत, कारण ती चिवट आणि शेताच्या बांधावरच मिळणारी. त्याच सुताराकडून घरात पोळपाट, काठवट, पाळणा, चौरंग येत.

गाडीचे चाक ही या कामाची खरी परीक्षा. मधल्या तुंब्यात आरे ठोकायचे, त्यांच्या टोकांवर वाकडे तुकडे जोडून वर्तुळ पुरे करायचे आणि मग लोहाराला बोलवायचे. लोखंडी धाव, म्हणजे चाकावर चढवायचे कडे, चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवलेली असते. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होऊन फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात, लाकूड धुमसू लागते आणि लगेच पाणी ओततात. धाव आक्रसते, सगळे सांधे करकचून आवळले जातात. सुताराने तुंब्यात एक सूत चूक केली असेल तर ती याच वेळी उघडी पडते.

घरबांधणीत खांब, तुळई, वासे, रिपा, चौकट, उंबरठा असा सगळा सांगाडा सुताराचा. लाकडाच्या टोकाला काढलेले कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून, जमेल तिथे खिळ्याविना, सांधा पक्का करतात. पुण्याचा विश्रामबाग वाडा (१८०७) आणि त्याचे सुरूच्या घाटाचे कोरीव खांब हे या कामाचे सहज पाहता येणारे उदाहरण. शनिवारवाडा (१७३२) मात्र १८२८च्या आगीत गेला, आणि सागवानी माड्या गेल्यावर उरले ते दगडी जोते व तट.

किनाऱ्यावर आलो की हाच धंदा उलटा होतो. घराच्या सुताराला वाळलेले, सरळ लाकूड हवे. होडीचा सुतार वाकडी फांदी शोधत फिरतो. बुंधा आणि फांदी जिथे फुटते तिथला नैसर्गिक बाक होडीच्या बरगडीला, म्हणजे वाकाला, लागतो. सरळ फळी कापून तो बाक काढला तर धागा तुटतो आणि लाट बसल्यावर वाक तिथेच तडकतो. होडीच्या पोटाला ओळंबा लावून उपयोग नाही. तिथे डोळा आणि लवचीक पट्टी हेच माप. कोकणात सागाबरोबर आईन, उंडी, फणस, आंबा ही लाकडे होडीला वापरतात.

पश्चिम किनाऱ्यावरची फळ्या जोडण्याची जुनी रीत नाजूक होती. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ. एका कडेला तांबडा रंग फासून दुसरी दाबून पाहायची. जिथे रंग उमटला नाही तिथे फट आहे, तेव्हा उंचवटे तासायचे आणि पुन्हा दाबायचे. सगळीकडे रंग लागेपर्यंत हेच चाले. मग मध्ये कापूस आणि राळ घालून फळ्या पक्क्या करत.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. त्या दिवसांत फळ्या सुकून फटी पडतात. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली की आधी थोडी गळते, मग लाकूड फुगते आणि फटी आपोआप बुजतात. नवख्याला ही गळती भीतीची वाटते, पण होडी न फुगणे ही त्याहून मोठी काळजी.

कल्याण-भिवंडीच्या खाडीत सतराव्या शतकाच्या मध्यात शिवाजी महाराजांच्या आरमाराची गलबते बांधायला सुरुवात झाली, तेव्हा पोर्तुगीज कारागीरही कामावर होते. विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीच्या काठी खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी आजही दिसते. मुंबईत १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने पुढे शतकभर जहाजे बांधली. याच घराण्यातल्या जमशेटजी बमनजी यांनी मलबारी सागातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरले. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. इंग्लिश ओकमधले आम्ल लोखंडी खिळे खाते, सागातले तेल त्यांना राखते, हे या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण.

खिळ्याशिवायही जहाज होते. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रातल्या जहाजावरून घडवलेले ‘कौंडिण्य’ गोव्यात बांधले गेले. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले. त्याचा कोणताही जुना आराखडा उरला नव्हता. चित्र पाहून सगळे पुन्हा शोधावे लागले.

शहरात आता सुतारकाम म्हणजे बहुधा प्लायवूड, सनमायका आणि चिकटद्रव, आणि कारागीर अनेकदा राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातला. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या लाकडी होड्यांची जागा घेत आहेत. फायबरची होडी ओतायला साचा लागतो, आणि त्या साच्यासाठी लागणारा होडीचा घाट पुष्कळदा आधी लाकडातच घडवतात, तोही होडीच्या सुताराकडूनच.