‘व्हेअर इज ही’ आणि ‘व्हेअर ही इज’: कर्ता-क्रियापद उलटायचं कुठे आणि सरळ ठेवायचं कुठे

‘आय डोन्ट नो व्हेअर इज द फाइल.’ ‘कॅन यू टेल मी व्हॉट टाइम डज द ट्रेन लीव्ह?’ ‘प्लीज लेट मी नो व्हेन आर यू कमिंग.’ या तिन्ही वाक्यांत एकच चूक आहे. ऑफिसच्या मेलमध्ये, अर्जांत, प्रबंधांत, इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांच्या बोलण्यातसुद्धा ती सर्रास दिसते. स्पेलिंग चुकलं तर चारजण टोकतात. ही चूक मात्र कुणाला खुपत नाही. मला ती फार खुपते, कारण ती टाळायला एकच गोष्ट समजावी लागते आणि नेमकी तीच शाळेत भलत्या नावाखाली शिकवली जाते.

थेट प्रश्न तुम्हाला येतो, त्यावर फार थांबत नाही. ‘ही इज इन पुणे’चा प्रश्न ‘इज ही इन पुणे?’, ‘यू कॅन स्विम’चा ‘कॅन यू स्विम?’. सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. सहायक नसेल तर डू, डज किंवा डिड आणायचं. इंग्रजीत हे कायम असंच नव्हतं. 1600च्या आसपास ‘व्हॉट से यू?’ असं मुख्य क्रियापदच उलटवून विचारणंही चालायचं, आणि जर्मनमध्ये ते आजही चालतं. इंग्रजीने पुढे ते काम डूवर सोपवलं. एवढं पुरे.

आता खरा घोळ. ‘व्हेअर डज ही लिव्ह?’ हा प्रश्न आहे. पण ‘आय नो व्हेअर ही लिव्ज’ यातलं ‘व्हेअर ही लिव्ज’ हा प्रश्न नाही. ते एका मोठ्या वाक्याच्या पोटातलं गौण वाक्य आहे आणि तिथे ते नामाचं काम करतं. ‘आय नो द आन्सर’मध्ये ‘द आन्सर’ जिथे बसतं, तिथेच ‘व्हेअर ही लिव्ज’ बसलंय. इंग्रजीत उलटापालट होते ती मुख्य वाक्याची. गौण वाक्यात शिरलेला प्रश्न सरळ होतो: आधी कर्ता, मग क्रियापद.

मराठी माणूस इथेच का अडखळतो हे पाहण्यासारखं आहे. ‘तो कुठे राहतो?’ हा प्रश्न. ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ हे विधान. दोन्हींत ‘तो कुठे राहतो’ जसंच्या तसं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ‘ते’ जोडलं की मराठीचं काम झालं. ‘तो येणार आहे का?’चंही तेच: ‘तो येणार आहे का ते विचार.’ मराठीत थेट प्रश्नासाठीही शब्दांची जागा बदलावी लागत नाही, त्यामुळे तो पोटात गेल्यावर जागा पूर्ववत करायची सवयच आपल्याला नाही. मग इंग्रजीत ‘व्हेअर डज ही लिव्ह’ हा तुकडा एकदा पाठ झाला की आपण तो अखंड उचलतो आणि ‘आय डोन्ट नो’च्या मागे आणून ठेवतो. पण इंग्रजीकडे ‘ते’ नाही. हा प्रश्न आहे की वाक्याचा भाग, हे इंग्रजी शब्दांच्या क्रमावरूनच सांगते. तो क्रम बिघडला की ऐकणाऱ्याला एका वाक्यात दोन वाक्यं आदळल्यासारखं वाटतं.

डज आणि डिड असलेली वाक्यं जवळून पाहा, कारण सर्वांत जास्त पडझड तिथे होते. ‘व्हेअर डज ही लिव्ह?’ सरळ करताना डज जातं आणि त्याने स्वतःकडे घेतलेला ‘एस’ क्रियापदाला परत मिळतो: ‘व्हेअर ही लिव्ज’. ‘व्हेन डिड शी कॉल?’मधला डिड भूतकाळ अडवून बसलेला असतो. तो गेला की भूतकाळ क्रियापदावर येतो: ‘व्हेन शी कॉल्ड’. बरेचजण अर्ध्यावर थांबतात आणि ‘आय डोन्ट नो व्हेन शी डिड कॉल’ असं काहीतरी होऊन बसतं. डू फक्त उलटवण्यासाठी आणलेला होता. उलटवणं संपलं की त्याचंही काम संपलं. नकार असेल तर मात्र तो राहतो, कारण ‘नॉट’ला टेकू लागतो: ‘आय नो व्हाय ही डिडन्ट कम.’

प्रश्नचिन्हाचा या सगळ्याशी संबंध नाही, हे मला ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं. ‘शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर उलटायचं’ हा नियम मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. ‘डू यू नो व्हेअर ही लिव्ज?’ याला प्रश्नचिन्ह आहे, पण ते ‘डू यू नो’चं आहे. उलटापालट तिथे होऊन गेली, आतला भाग सरळच राहणार. ‘कॅन यू टेल मी’ने सुरुवात केलीत तर ‘कॅन यू’ला तुम्ही आधीच उलटवलंय. आतल्या वाक्यात पुन्हा तेच करायचं कारण नाही.

माझा जुना राग आहे तो गाइडांवर. हाच नियम तिथे ‘डायरेक्टचं इनडायरेक्ट करा’ या मथळ्याखाली येतो. ‘सेड टू’चं ‘आस्क्ड’ करा, काळ एक पायरी मागे न्या, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ करा, प्रश्नाचं विधान करा. मुलं हे मार्कांपुरतं घोटतात आणि बिनचूक लिहितात: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड.’ तीच मुलं वर्गाबाहेर येऊन ‘टेल मी व्हेअर डू यू लिव्ह’ म्हणतात, कारण तिथे ‘आस्क्ड’ नाही, काळ मागे न्यायचा नाही, म्हणजे हा तो धडा नाही असं त्यांना वाटतं. धडा तोच आहे. टेल, नो, वंडर, रिमेंबर, शो, एक्सप्लेन, ‘आय ॲम नॉट शुअर’, यांतल्या कशाच्याही पोटात प्रश्न गेला की तो सरळ होतो. काळ बदलणं हा वेगळा विषय आहे आणि तो यात कालवल्यानेच नुकसान झालं.

दुसरी खटकणारी गोष्ट, ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’मधला ‘दॅट’. तो आपल्या ‘की’मुळे येतो: ‘त्याने विचारलं की तू कुठे राहतोस.’ इंग्रजीत व्हेअर, व्हाय, व्हॉट असताना ‘दॅट’ला जागाच नाही. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घ्या: ‘आस्क हिम इफ ही इज कमिंग.’ मी स्वतः लिहिताना ‘व्हेदर’च वापरतो, कारण ‘इफ’ने कधीकधी अटीचा भास होतो.

शंका आली तर नामाच्या जागी सर्वनाम घालून पाहा. ‘टेल मी व्हॉट इज द रीझन’ कानाला चालून जातं, पण ‘टेल मी व्हॉट इज इट’ लगेच बोचतं. हवं असतं ‘व्हॉट इट इज’. म्हणजे वरचंही ‘व्हॉट द रीझन इज’ असंच हवं. हे शेवटचं ‘इज’ आखडता येत नाही. ‘आय नो व्हेअर ही इज’ला ‘व्हेअर हीज’ असं कुणीही म्हणत नाही.

आता एक जागा, जिथे जाणकारही जास्तीची दुरुस्ती करून फसतात. प्रश्नवाचक शब्द स्वतःच कर्ता असेल तर मुळात काही उलटलेलंच नसतं, म्हणून सरळ करायलाही काही नसतं. ‘हू ब्रोक द ग्लास?’ आणि ‘आय नो हू ब्रोक द ग्लास’ सारखंच. ‘व्हॉट हॅपन्ड?’, ‘टेल मी व्हॉट हॅपन्ड.’ म्हणूनच ‘टेल मी व्हॉट इज राँग’ बरोबर आहे. ‘टेल मी व्हॉट्स द मॅटर’सुद्धा बरोबर आहे, कारण मूळ वाक्य ‘समथिंग इज द मॅटर’ असं आहे आणि व्हॉट त्या ‘समथिंग’च्या, म्हणजे कर्त्याच्या जागी आलंय. नियम नुकताच कळलेला माणूस इथे ‘व्हॉट द मॅटर इज’ करायला धावतो. धावू नका.

उलट दिशेची चूक म्हणजे ‘व्हाय यू आर लेट?’. इथे प्रश्न थेट आहे आणि क्रम मात्र गौण वाक्याचा. बोलण्यात सुरामुळे निभावतं, लेखी निभावत नाही. वेबसाइटांवर आणि माहितीपत्रकांवर ‘हाऊ इट वर्क्स?’ असा मथळा वाचला की मला ते प्रश्नचिन्ह खोडावंसं वाटतं. ‘हाऊ इट वर्क्स’ हे शीर्षक ठीक, ‘हाऊ डज इट वर्क?’ हा प्रश्न ठीक. दोघांची मिसळ ठीक नाही. ‘हाऊ टू अप्लाय?’ तसंच, तिथे प्रश्न नाहीच, पद्धत सांगितली आहे.

बारावीत भेटणारं ‘नो सूनर डिड’, ‘हार्डली हॅड’, ‘नॉट ओन्ली’ हेही उलटवणंच आहे. नकारार्थी शब्द पुढे आणला की कर्त्याआधी सहायक येतं, त्यात फारसं काही नाही. घोळ होतो तो ‘ओन्ली व्हेन’ आणि ‘नॉट अंटिल’मध्ये. ‘ओन्ली व्हेन डिड आय कॉल, ही आन्सर्ड’ असं लिहिलेलं मी पाहतो. ‘व्हेन आय कॉल्ड’ हे गौण वाक्य आहे, त्याला हात लावायचा नाही. उलटतं ते पुढचं मुख्य वाक्य: ‘ओन्ली व्हेन आय कॉल्ड डिड ही आन्सर.’ ‘व्हेअर ही लिव्ज’ला जो न्याय, तोच इथे.

‘हिअर कम्स द बस’ हा प्रकार निराळा. तिथे सहायकाची गरज लागत नाही, अख्खं क्रियापदच कर्त्याआधी येतं, आणि कर्ता सर्वनाम झाला की पुन्हा सरळ: ‘हिअर इट कम्स.’ त्यावर कुणी चुकत नाही.

आयर्लंडमधल्या इंग्रजीत ‘आय आस्क्ड हिम वॉज ही कमिंग’ असं सहज बोलतात आणि ते तिथलं अस्सल बोलणं आहे, मी त्याला चूक म्हणणार नाही. पण प्रमाण लेखनात ते चालत नाही, आणि आयईएलटीएससारख्या परीक्षेत लेखन आणि बोलणं, दोन्हींत व्याकरणाला स्वतंत्र गुण असतात. आतला प्रश्न उलटा ठेवायचाच असेल तर इंग्रजीत त्याची रीतसर सोय आहे. ‘द क्वेश्चन इज’ म्हणा, विरामचिन्ह द्या, थांबा, आणि मग प्रश्न थेट विचारा: ‘द क्वेश्चन इज: हू विल पे?’ मात्र यात ‘हू’ कर्ताच आहे, म्हणून सरावाला ‘व्हेन विल दे पे?’ घ्या. विरामासह ‘द क्वेश्चन इज: व्हेन विल दे पे?’, विरामाशिवाय ‘द क्वेश्चन इज व्हेन दे विल पे.’